नववा कोहळा

१

दसऱ्याच्या सकाळी सहा वाजता नदी चोरीला गेल्याचं उघडकीस आलं.

पात्र जागेवर होतं. काठाच्या दगडी पायऱ्या, बांबूची रांग, नवी कोरी पायवाट, शंभर-शंभर मीटरवर रोवलेले आकड्यांचे दगड, झेंडूच्या माळा घातलेला मांडव, सगळं जिथल्या तिथं. पाणी तेवढं नव्हतं. चिखलात बोटभर मासे उलटेपालटे होत होते आणि दोन बगळे लग्नाच्या पंगतीला बसल्यासारखे निवांत एकेक उचलत होते.

रक्षिता पायरीवर उभी राहून बघत होती आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापत चालल्या होत्या. दहावीतली मुलगी, पण या ओढ्याशी तिचं वैर जुनं होतं आणि दोस्ती नवी. अकरा वर्षांची होईपर्यंत तिने त्याला ‘मोरी’ म्हणूनच ओळखलं होतं. बसवनगुडीतल्या शाळेत जाताना नाकाला रुमाल लावून पळत ओलांडायची जागा. मग चार वर्षं गाळ उपसणं चाललं. घाणीचे पाइप दुसरीकडे वळवले. वरच्या अंगाच्या शुद्धीकरण केंद्रातलं स्वच्छ केलेलं पाणी जमिनीखालच्या मोठ्या पाइपातून आणून दगडी नंदीच्या तोंडातून पात्रात सोडलं. मासे आले, माशांमागे बगळे आले, बगळ्यांमागे फोटो काढणारी माणसं आली, आणि बघता बघता लोक मोरीला नदी म्हणायला लागले. फिरायला लोक आधीपासूनच येत होते, पण पायवाटेचं रीतसर उद्घाटन आज अकरा वाजता व्हायचं होतं.

आणि नंदी कोरड्या तोंडाने मांडवाकडे बघत बसला होता.

“मी एकच गोष्ट विचारालोय,” रघुनंदन म्हणाला. नदीची देखभाल ज्या कंपनीकडे होती, तिचा हा सुपरवायझर. बेळगावकडचा, कडक इस्त्रीचा. “वॉल्व्हच्या खोलीची किल्ली किती जणांकडं आहे?”

“माझ्याकडं,” विठोजी म्हणाले. “एकट्याकडं.”

विठोजी म्हणजे रक्षिताच्या वडिलांचे थोरले भाऊ. ती त्यांना दोड्डप्पा म्हणायची. साडेतीनशे वर्षं बंगळुरात राहिलेल्या मराठी घरात नाती अशी कन्नडमधून येऊन पाटावर बसतात आणि कुणाला वेगळं वाटत नाही. एकतीस वर्षं ते वॉल्व्हमन होते. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी, कुठलं चाक किती फेरे, सगळं डोक्यात. निवृत्तीनंतर घरात बसवेना म्हणून ही नोकरी धरली होती, आणि नदीचं चाक आपल्या हातात आहे हे ते पाहुण्यांना दुसऱ्याच वाक्यात सांगायचे.

“मग आता वॉल्व्ह फिरवून दाखवा,” रघुनंदन म्हणाला.

“वॉल्व्ह पूर्ण उघडाच हाय. आणि आज पूजा झाल्याशिवाय चाकाला हात लावणार नाही मी.”

काल खंडेनवमी. आयुधपूजा. बंगळुरात त्या दिवशी लिफ्टपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्यांची पूजा होते, आणि जुन्या घरांमध्ये पूजा झालेल्या हत्याराला दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा होईपर्यंत कुणी शिवत नाही. सरळ गोष्ट होती. पण रघुनंदनने मांडवातल्या सगळ्यांकडे वळून असं हसून दाखवलं, की जणू चोराने स्वतःच कबुली दिली.

“ऐकलंत? चाकाला सुट्टी द्यायची म्हणून ह्यांनी काल वॉल्व्ह बंद केला. सकाळी घाबरून उघडला असेल.” त्याने खिशातून कागद काढला आणि मांडववाले, फुलवाले, फिरायला आलेले म्हातारे अशा वीसेक जणांसमोर माइकवरून वाचला. कामात हयगय, कामावरून कमी, अकरा वाजता नदी प्रकल्पाच्या प्रमुख मॅडम उद्घाटनाला आल्या की सही.

टाइप केलेला कागद होता. सहा वाजता पाणी गेल्याचं कळलं आणि साडेसहाला टाइप केलेला कागद तयार. चौकशीला निघालेला माणूस खिशात निकाल घेऊन निघतो का? रक्षिताने हे मनात म्हटलं आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण ते मोठ्याने म्हटलंय.

“तू कोण गं?” रघुनंदनने विचारलं.

“त्यांची पुतणी. आणि अकराला अजून साडेचार तास आहेत.”

२

मागच्या वर्षीपर्यंत वर्गात हजेरी देतानाही रक्षिताचा आवाज तिच्या दप्तरात राहायचा. या जूनमध्ये मात्र तिने शाळेच्या वादविवादात समोरच्या तिघांना गप्प केलं, आणि तेव्हापासून आवाजाला घर सापडल्यासारखं झालं होतं. आता तो परत दप्तरात जायला तयार नव्हता.

वॉल्व्हच्या खोलीत विठोजी स्टुलावर बसले होते. रघुनंदनने दाराशी एक रखवालदार बसवला होता आणि खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही असं बजावलं होतं. जसं काही ते नदी बगलेत मारून पळणार होते.

“दोड्डप्पा, काल पूजा झाल्यावर मी फोटो काढला होता ना?”

“काढलास की. माझं पोट आलंय त्यात म्हणून घरी सगळी हसली.”

तिने फोटो मोठा केला. काल दुपारी बाराचा. लोखंडी चाक गाडीच्या स्टिअरिंगएवढं. विठोजींनी विभूतीची तीन बोटं चाकावरून ओढत खालच्या न फिरणाऱ्या चौकटीपर्यंत आणली होती. मधल्या पट्ट्यात मोगऱ्याची एक कळी चिकटून बसली होती, आणि तिच्यामुळे पट्ट्यात तांदळाएवढी फट राहिली होती.

तिने समोरच्या चाकाकडे बघितलं. तीन पट्टे. चाकावरून चौकटीवर, सलग. कळी सुकून तपकिरी झाली होती, पण होती तिथेच. फटही तेवढीच.

तिने रघुनंदनला दंडाला धरून आणलं नाही एवढंच. “बघा. चाक सुतभर जरी फिरलं असतं तरी पट्टे तुटले असते. अर्धे चाकाबरोबर गेले असते, अर्धे चौकटीवर राहिले असते.”

“विभूती परत लावता येते.”

“आणि सुकलेली कळी? ती पण परत त्याच फटीत लावता येते?”

रघुनंदनने घड्याळ बघितलं.

“रक्षी, ती सळई दे,” विठोजी म्हणाले. कोपऱ्यात हातभर लांब लोखंडी सळई होती, एका टोकाला लाकडी गोळा. त्यांनी टोक पाइपला टेकवलं, गोळा कानाला लावला आणि डोळे मिटले. डॉक्टर छाती तपासतो तसे. “धावतंय. पूर्ण पाण्याचा आवाज हाय. इथनं पुढं पाणी चाललंय.”

तिने कान लावला. आत खरोखर एक लांब, भरलेला घोष होता, शंख कानाशी धरल्यासारखा.

“तुम्ही ऐका,” तिने सळई रघुनंदनपुढे धरली.

“मला असली नाटकं नकोत. पाइप फुटला असेल. तरी जबाबदारी यांचीच.” आणि तो खुर्च्या मोजायला निघून गेला.

ती सळई हवेत धरूनच उभी राहिली. कान लावायला दोन सेकंद लागले असते. दोन सेकंद. माणसाची नोकरी काढायला वेळ आहे आणि कान लावायला नाही.

“दोड्डप्पा, पाइप फुटला असेल का?”

“फुटला तर एवढं पाणी जमिनीवर येणार. चारशे मीटरचा मामला. वरची पायवाट उखडून लोकांच्या दारात गेली असती. कुठं ओल दिसतीय?”

कुठेच नव्हती. खोलीतून पाणी निघालं होतं. नंदीपर्यंत पोचलं नव्हतं. मधे होते चारशे मीटर, आणि त्या चारशे मीटरवर नदीचं तोंड बघायलाही तयार नसलेली दोन माणसं राहत होती.

३

पहिला विलास. निपाणीचा, रोपवाटिकावाला. पायवाटेसाठी त्याच्या वाटिकेची पुढची दहा फूट जागा गेली होती, आणि तेव्हापासून तो पायवाटेला ‘ती सटवी’ म्हणायचा.

“गेलं का पाणी?” दोनशेच्या दगडापाशी गुलाबाच्या कुंड्यांत उकिडवा बसून त्याने विचारलं. “बरं झालं. साखर वाटतो.”

“तुम्ही घेतलंत का?”

“घेतलं असतं तर तुला सांगितलं असतं होय?” मग तो तोंडातल्या तोंडात हसला. “धीट आहेस. कुणाची?”

“वॉल्व्हमन विठोजींची पुतणी. अकरा वाजता त्यांना काढणार आहेत.”

विलासचं हसू विझलं. “त्यांना कशाला? त्या माणसानं उन्हाळ्यात माझी रोपं जाताना बघून स्वतः बादलीनं पाणी आणलं होतं.” त्याने हातातली खुरपी खाली ठेवली. “मी काय सांगू तुला? काल माझा ट्रॅक्टर पुजला, चार लिंबं कापली आणि झोपलो. पाइपाला हात नाही लावला. ये, बघ.”

तिने बघितलं. पिशव्यांमधली माती पांढरी पडून कडांपासून सुटली होती. जास्वंदीच्या माना लोंबल्या होत्या. ज्याच्याकडे रात्रभर एक नदी मुक्कामाला होती, त्याची जास्वंद अशी मान टाकत नाही.

“काल दुपारनंतर इथून कुणी गेलं?”

“कोण जाणार? उद्घाटनाची सजावट कुणी विस्कटू नये म्हणून दुपारी बारालाच दोन्हीकडनं अडथळे लावले. पायवाटेवर चिटपाखरू नव्हतं.” त्याने नंदीच्या दिशेने हात केला. “एक सांगू का? पाणी कमी झालेलं मी आधी पण बघितलंय. दुपारी अडीच-तीनला. तासभरात नंदीची धार आटत आटत करंगळीएवढी होते आणि मग पूर्ववत. मला वाटायचं, तिकडं केंद्रातच कमी सोडत असतील.”

“रोज?”

“रविवार सोडून रोज.”

नदी रविवारी सुट्टी पाळत नाही. माणसं पाळतात.

४

दुसरे योगीराज. नदीला पाठ करून उभ्या असलेल्या ‘जलतरंग एन्क्लेव्ह’ या उंच इमारतीचे सेक्रेटरी. आठ वर्षांपूर्वी पुण्याहून आलेले. पायवाट होऊ नये म्हणून त्यांनी सहा अर्ज केले होते: वास येतो, डास येतात, बाहेरचे लोक आमच्या मागच्या भिंतीपाशी फिरतील.

रक्षिता पुढच्या फाटकाशी पोचली तेव्हा साडेआठ झाले होते. फाटकाबाहेरचं गटार काठोकाठ वाहत होतं. तिला त्यावरून उडी मारावी लागली.

“अगं, काल सगळ्यांनी गाड्या धुतल्या ना,” योगीराज म्हणाले. पांढरा कुर्ता, हातात पेढ्यांचा डबा. “दोनशे फ्लॅट, तीनशे गाड्या. घे, पेढा घे. बेसिकली सणाचा दिवस आहे, कुणी नाही म्हणत नाही.”

तिने पेढा घेतला नाही. “मागच्या नदीचं पाणी गेलंय.”

“हो, ऐकलं. सॅड. पण आम्ही सुरुवातीपासून सांगत होतो, की नदी वगैरे म्हणून लोकांना भुलवू नका. ते शेवटी ट्रीट केलेलं सांडपाणी आहे.” त्यांनी आवाज खाली आणला, उपकार केल्यासारखा. “आणि खरं सांगू, अशा कामाला जुन्या वळणाची माणसं ठेवली की असंच होणार. पूजा झाली म्हणून मशिनला हात लावणार नाही म्हणे.”

“तुमच्याकडे नाही झाली पूजा?”

“झाली ना, अगदी शास्त्रोक्त.” इथे ते खुलले. “आमचा पंप ऑपरेटर चंदन, या बाबतीत फार पर्टिक्युलर. चार लिफ्ट, दोन जनरेटर, एक आगीचा पंप, एक बोअरवेलचा पंप. बोअरवेल दोन वर्षांपूर्वीच कोरडी पडली, तरी तिच्यासमोरही कोहळा फोडला त्याने. आठ मशिनं, आठ कोहळे. फाटकाला आणि गाड्यांना नुसती लिंबं.”

“चंदनकाका भेटतील का?”

“काल दुपारीच गावी गेला, कोलारकडे. उद्या येईल.”

रक्षिता निघाली. फाटकाच्या आतल्या बाजूला हिरवळ अशी हिरवी होती की डोळ्यांना टोचावी, आणि मधोमध एक कारंजं नाचत होतं. बोअरवेल कोरडी. शहरात कावेरीचं पाणी दिवसाआड. आणि कारंजं.

गटारावरून पुन्हा उडी मारताना तिने खाली बघितलं. तीनशे गाड्या काल धुतल्या. मग गटार आज का वाहतंय? आणि गाड्या धुतलेल्या पाण्याचा तळ दिसतो का?

५

मागच्या बाजूने, तीनशेच्या दगडापाशी, पायवाट आणि इमारतीची भिंत यांच्यामध्ये बांबूचं दाट बेट होतं. मांडवात माइकची चाचणी चालू झाली होती आणि “हॅलो, हॅलो” शिवाय जगात दुसरा आवाज उरला नव्हता.

बेटाच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला, जमिनीवर काहीतरी लाल दिसलं.

रक्षिता वाकली. फोडलेला कोहळा. दोन भकलं, आत कुंकू कालवलेलं, वर अर्धवट जळालेला कापूर. कालचा, म्हणजे कालच्या दुपारचा. कडा अजून सुकायच्या होत्या.

तिने मान वर करून चहूकडे बघितलं. बांबू. भिंत. सुकलेल्या पानांचा ढीग. गाडी नाही, लिफ्ट नाही, साधी सायकल नाही.

बंगळुरात कोहळा कुणी उगाच फोडत नाही. कोहळा यंत्रासमोर फोडतात, दृष्ट उतरवायला. मग इथे नवमीच्या दिवशी, अडथळे लावून बंद केलेल्या पायवाटेवर, कुणी कशाची दृष्ट काढली?

ती एक पाऊल पुढे गेली आणि भिंतीच्या वरून करकरीत शिट्टी वाजली.

“ए! तिथं काय आहे तुझं? चल, निघ, नाहीतर सेक्रेटरीसाहेबांना बोलावतो.”

वर रखवालदाराचं डोकं होतं, टोपीसकट. सार्वजनिक पायवाटेवरून त्याने तिला हुसकलं. सार्वजनिक! तिच्या ओठांवर एक लांबलचक उत्तर आलं होतं, पण घड्याळात साडेनऊ वाजले होते, आणि भांडण अर्ध्यावर ठेवायचं असेल तर ते सुरू करू नये, एवढं तिला वादविवादाने शिकवलं होतं. तिने पायांपाशी पडलेल्या कोहळ्याचा आणि पानांच्या ढिगाचा एकेक फोटो काढला आणि चालू पडली.

६

कोपऱ्यावरची धनलक्ष्मी अक्का फुलं, लिंबं आणि कोहळे विकायची. तिचं मराठी गिऱ्हाइकांकडून शिकलेलं होतं आणि कन्नडच्या आधाराने चालायचं.

“कोहळा पाहिजे, पुट्टी? मुगीतु. कालच संपले सगळे.”

“कोहळा नको अक्का. सांगा, जलतरंगवाल्यांनी काल किती नेले?”

“चंदन आला होता. आठ. हातगाडीवर घालून दिले.” अक्काने झेंडूची माळ दाताने तोडली. “मग परत आला. धावत.”

“परत?”

“हूं. ‘अक्का, अजून एक दे, एक राहिलं’ म्हणाला. मी म्हटलं, लिंबू ने, लिंबानं पण चालतं. नाही म्हणाला. ‘वर्षभर बिचारं जमिनीखाली राबतंय, त्यालाच लिंबू दिलं तर बरं दिसत नाही.’ चांगला माणूस आहे. देवाला घाबरतो.”

“किती वाजता, अक्का?”

“एक वाजला असेल. पिशवी खांद्यालाच होती. दोनची गाडी होती त्याची.”

रक्षिताने अक्काचे दोन्ही हात धरले. “हे माझ्याबरोबर येऊन सांगाल? सगळ्यांसमोर?”

“दुकान कोण बघणार?”

“अक्का, दोड्डप्पांची नोकरी जातेय.”

अक्काने लिंबांच्या टोपलीवर ओलं पोतं टाकलं. “नड, चल. लिंबं कुठं पळून जात नाहीत.”

७

मांडवात पावणेअकरा वाजता पहिल्या रांगेत मॅडम बसल्या होत्या, त्यांच्या शेजारी योगीराज, आणि मागे शंभरेक माणसं. पायऱ्यांवर दहा-बारा बायका सुपांमध्ये बांगड्या, हळद-कुंकू आणि धान्य घेऊन थांबल्या होत्या. भरलेल्या पाण्याला असं बागिन द्यायची इकडची रीत. पाणी नव्हतं, तरी त्या उठल्या नव्हत्या. विठोजींना बाजूला उभं केलं होतं, शाळेत उशिरा आलेल्या मुलाला करतात तसं.

रघुनंदनने कागद मॅडमपुढे ठेवला. रक्षिताने त्यावर हात ठेवला.

“मॅडम, सही करायच्या आधी शंभर मीटर चाला. तुम्ही पायवाटच उघडायला आला आहात ना?”

“ही पोरगी सकाळपासून...” रघुनंदन सुरू झाला.

“किती शंभर मीटर?” मॅडमनी विचारलं.

“मोजलेले. दगड आहेत.”

त्या उठल्या. मग सगळ्यांना उठावंच लागलं. चालता चालता रक्षिता बोलत होती आणि तिचा आवाज कुठेही अडखळत नव्हता. चाक फिरलं नाही, हा फोटो. पाणी पाइपातून धावतंय, ज्याला शंका असेल त्याने सळईला कान लावावा. वाटेत कुठे ओल नाही, म्हणजे पाइप फुटलेला नाही. तेव्हा पाणी मधेच कुणीतरी घेतंय, आणि तेही बंद पाइपातून बंद पाइपात.

“विलासकाकांनी नाही. त्यांच्या रोपांनी मान टाकली आहे.”

“इन्सल्ट की साक्ष, हे कळलं नाही मला,” मागून विलास म्हणाला, आणि चार माणसं हसली.

“योगीराजकाका, तुमच्याकडे काल किती कोहळे फोडले?”

“आठ. सांगितलं ना तुला. याचा इथे काय संबंध?”

“अक्का, तुम्ही किती दिले?”

“ओंबत्तु,” अक्का म्हणाली, आणि मॅडमना कळलं असलं तरी बोटं दाखवली. “नऊ. नववा एक वाजता. चंदननं स्वतः नेला.”

ते तीनशेच्या दगडापाशी पोचले होते. रक्षिताने बांबू बाजूला सारले. लाल कोहळ्याकडे सगळ्यांनी बघितलं.

“हा नववा. आठ कोहळे आठ यंत्रांसमोर फुटले. मग नववं यंत्र कुठलं, जे तुमच्या यादीत नाही पण चंदनकाकांच्या यादीत आहे? जे वर्षभर जमिनीखाली राबतं?”

योगीराज हसले, पण डबा धरलेला हात थांबला होता. “कोहळा कुणीही फोडला असेल. हा भाग पब्लिक आहे.”

“आता पब्लिक झाला का? सकाळी मला इथून शिट्टी वाजवून हाकललं तेव्हा नव्हता.” तिने पायानेच पानांचा ढीग ढकलला. खाली लोखंडी झाकण होतं. झाकणावर कुंकवाची पाच बोटं, मधोमध झेंडूचं फूल, आणि फूल हलत होतं. थरथरत होतं. वारा नव्हता.

कुणीतरी मांडवातला माइक बंद करायला सांगितलं. मग सगळ्यांनाच ती घरघर ऐकू आली.

विलासने झाकण उचललं. आत नदीच्या पाइपाला जोडलेला दुसरा पाइप, त्याच्यावर पंप, पंपाला हार. नळी भिंतीखालून पलीकडे गेली होती.

“रोज दुपारी तासभर,” रक्षिता म्हणाली, “पायवाटेवर कुणी नसतं तेव्हा. रविवारी लोक दिवसभर फिरतात, म्हणून रविवारी नाही. काल चंदनकाकांनी पंप चालू केला आणि त्याची पूजा केली. देवभोळा माणूस. चोरीचं असलं म्हणून काय झालं, राबतंय तर त्याचा मान त्याला मिळालाच पाहिजे. आणि पूजा झालेल्या यंत्राला पुन्हा हात लावायचा नाही, म्हणून चालूच ठेवून ते गाडीला गेले. एरवी तासभर चालणारा पंप काल एकपासून चालतोय. तुमची टाकी भरली, सांडली आणि गटारातून नितळ पाणी रस्त्यावर आलं. ते तुम्ही मला गाड्या धुतल्याचं म्हणून सांगितलंत.”

“मला वाटलं चंदन पंप बंद करूनच...” योगीराज बोलून गेले आणि मग थांबले, कारण असं म्हणणारा माणूस पंप माहीत नाही असं म्हणू शकत नाही. “हे बघा, आपण सगळे एज्युकेटेड लोक आहोत. ते सांडपाणीच तर होतं. वाया जाणारं पाणी झाडांना वापरलं, यात नेमकं कुणाचं नुकसान झालं?”

कुणाचं? रक्षिताच्या डोळ्यांसमोर आले चिखलातले बोटभर मासे. सहा अर्ज, वासाचे आणि डासांचे, आणि ते खरे कशासाठी होते ते. ज्या पाण्याचा वास येतो म्हणून नाक मुरडायचं, त्याचंच कारंजं करून नाचवायचं.

“त्यांचं,” तिने मागे उभ्या असलेल्या विठोजींकडे बोट दाखवलं. “साठी उलटलेल्या माणसावर वीस लोकांसमोर ठपका ठेवला. तुम्ही पेढे वाटत ‘सॅड’ म्हणालात, आणि जुन्या वळणाची माणसं कामाची नसतात असंही. आणि तुमच्याच भिंतीमागे पंप तुमचा चालू होता.”

योगीराजनी स्विच शोधला. त्यांना तो कुठे आहे हेच माहीत नव्हतं. विठोजींनी जागा दाखवली, पण हात लावला नाही. “तुमचं यंत्र. तुम्हीच बंद करा.” कुर्त्याच्या बाह्या चिखलात घालून, शंभर माणसांसमोर, सेक्रेटरींना गुडघ्यांवर बसून ते करावं लागलं. घरघर थांबली. दहा मिनिटांनी नंदीने आधी खोकून हवा सोडली, मग गढूळ थुंकला, आणि मग पाणी आलं. पायऱ्यांवरच्या बायकांनी सुपं उचलली.

मॅडमनी पंप सील करायला आणि पोलिसांत तक्रार द्यायला सांगितलं, आणि मांडवात परतल्यावर विठोजींचा कागद सही न करता परत दिला.

“चला, छान झालं,” रघुनंदन कागदाची घडी घालत म्हणाला. “विठोजी, उद्यापासून या नेहमीसारखे. मॅडम, फीत...”

“थांबा,” रक्षिता म्हणाली.

“आता काय राहिलं? नोकरी आहे की त्यांची.”

“नोकरी आहे. सकाळी तुम्ही जे वाचलंत ते माइकवरून वाचलंत. परत मात्र खिशातल्या खिशात घेताय.”

“मी समजावतो त्यांना, मग निवांत. आमच्या दोघांतलं...”

“दोघांतलं नव्हतं ते.”

फीत कापायची कात्री ताटात तशीच होती. मॅडमनी ती उचलली नाही. हाताची घडी घालून त्या रघुनंदनकडे बघत राहिल्या. शेवटी तो माइकपाशी गेला, घसा खाकरला आणि खाली बघून भरभर म्हणाला की विठोजींवर ठेवलेला ठपका चुकीचा होता, चौकशी न करता ठेवला होता, आणि त्याबद्दल तो माफी मागतो.

सगळे विठोजींकडे वळले. ‘जाऊ दे हो, होतं असं,’ म्हणतील अशी लोकांना खात्री होती. एकतीस वर्षं ते तेच म्हणत आले होते.

विठोजींनी उपरणं खांद्यावर सारखं केलं.

“मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही,” ते म्हणाले. “स्वल्प मोठ्यानं.”

रघुनंदनने माइक तोंडाजवळ घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.